लॅम्बेथमधलं छापघर

दार ढकला आणि आत या. साल १७९४. थेम्स नदीच्या दक्षिणेला, लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या हर्क्युलिस बिल्डिंग्जमधलं हे घर. शाईच्या तेलाचा आणि आम्लाचा वास नाकात भरतो. खोलीत लाकडी छापयंत्र आहे, आणि टेबलावर वाकलेला माणूस म्हणजे कवी आणि चित्रकार विल्यम ब्लेक.

जवळ जाऊन बघा. तांब्याच्या पत्र्यावर तो कुंचल्यानं अक्षरं लिहितोय, तीही उलटी. ओळी संपतात तिथे वेल फुटते, वेलीत माणसं दिसू लागतात. आम्लाला दाद न देणाऱ्या द्रावणानं हे रेखाटलंय. पत्र्यावर आम्ल ओतलं की मोकळं तांबं झिजेल आणि शब्द, चित्र दोन्ही एकत्र उठून राहतील. इतर छापखान्यांत मजकूर खिळ्यांनी जुळवतात, चित्र वेगळं कोरून घेतात. ब्लेकला ही फारकत मान्य नाही. पत्रा उलटून पाहा: मागे ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ या त्याच्या आधीच्या गीतसंग्रहाचं पान आहे. तांबं महाग, म्हणून ‘साँग्ज ऑफ एक्स्पीरियन्स’ या नव्या संग्रहाची पानं त्याच पत्र्यांच्या पाठीवर उमटताहेत.

हे सुचलं कसं, असं विचारलंत तर तो धाकट्या भावाचं, रॉबर्टचं नाव घेईल. रॉबर्ट १७८७ मध्ये गेला. त्यानंतर दृष्टांतात येऊन त्यानंच आपल्याला ही रीत दाखवली, असं ब्लेक सांगत असे. मला त्यात त्याचं भावावरचं प्रेम दिसतं, आणि त्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही. पण हाताला वळण लागलं ते त्याआधीच. चौदाव्या वर्षी तो जेम्स बेझायर या खोदकाम करणाऱ्या कारागिराकडे उमेदवारीला लागला. बेझायरनं त्याला वेस्टमिन्स्टर ॲबीत जुन्या राजाराण्यांच्या समाध्यांची चित्रं काढायला पाठवलं. त्या गॉथिक दगडांमधल्या लांबसडक आकृती त्याच्या पानांवर अजून उभ्या आहेत. मायकेलअँजेलो आणि ड्यूररच्या चित्रांच्या छापील प्रती तर तो लहानपणापासून जमवत होता.

आता खिडकीकडे वळा. पानांवर जलरंग भरणारी ती त्याची बायको, कॅथरीन. १७८२ मध्ये लग्नाच्या नोंदवहीत तिनं सहीऐवजी फुली मारली होती. पुढे ब्लेकनं तिला लिहावाचायला शिकवलं, छपाईही शिकवली. यंत्र तीही चालवते आणि छापलेली पानंही रंगवते. हातानं रंगवल्यामुळे कुठल्याही दोन प्रती हुबेहूब सारख्या नाहीत. १७९३ च्या जाहिरातपत्रकात या गीतसंग्रहांची किंमत प्रत्येकी पाच शिलिंग होती, आणि गिऱ्हाइकं मोजकीच.

‘इनोसन्स’च्या शीर्षकपानावर लेखक आणि मुद्रक म्हणून एकट्या ब्लेकचं नाव आहे. तुमच्या हाती त्याच्या पुस्तकाची प्रतिकृती आली, तर रंग बघताना कॅथरीन ब्लेक हे नावही घ्या.