साक्षीदाराच्या पिंजऱ्यातील माणूस

'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. म्हणीत अभिप्रेत असतो तो पैशाचा आणि वेळेचा अपव्यय. फौजदारी खटल्यात मात्र असंख्य लोकांना ही पायरी हौसेने नव्हे, तर समन्स बजावले गेल्यामुळे चढावी लागते. त्यात फिर्यादी असतो, पीडित असतो, घटना पाहणारा शेजारी असतो आणि पंचनाम्यावर सही केलेला एखादा पानटपरीवालाही असतो. या मंडळींच्या खिशाला बसणाऱ्या भुर्दंडाची चर्चा अधूनमधून होते. त्यांच्या मनावर जे ओझे पडते त्याची नोंद कोणत्याही रोजनाम्यात होत नाही.

भंडारा जिल्ह्यात हा विषय निघाला की मोहाडी तालुक्यातील खैरलांजीपासूनच सुरुवात करावी लागते.

खैरलांजी : साक्षीआधी आणि निकालानंतर

२९ सप्टेंबर २००६ रोजी सायंकाळी खैरलांजीत सुरेखा भोतमांगे, त्यांची मुलगी प्रियांका आणि सुधीर व रोशन हे दोन मुलगे यांची जमावाने निर्घृण हत्या केली. कुटुंबातील एकटे भैयालाल भोतमांगे वाचले. या हत्याकांडाच्या जातीय पैलूवर देशभर वादंग माजले आणि ते स्वाभाविकच होते. मात्र घटनेची ठिणगी कशातून पडली, याकडे तुलनेने कमी लक्ष गेले. त्याच महिन्यात परिसरातील एका पोलीस पाटलास मारहाण झाली होती. त्या प्रकरणात सुरेखा आणि प्रियांका यांनी मारहाण करणाऱ्यांची ओळख पटविली. अटक झालेल्यांची जामिनावर सुटका झाली आणि त्याच दिवशी भोतमांगे यांच्या घरावर हल्ला झाला. म्हणजे या माय-लेकी साक्षीदार होत्या. न्यायालयात उभे राहण्याची वेळ येण्यापूर्वीच त्यांनी साक्षीची किंमत मोजली.

पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि भंडारा येथील विशेष न्यायालयात अकरा आरोपींविरुद्ध खटला चालला. अ‍ॅड. उज्ज्वल निकम विशेष सरकारी वकील होते. १५ सप्टेंबर २००८ रोजी न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले व तिघांची निर्दोष मुक्तता केली. २४ सप्टेंबर रोजी सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावण्यात आली. निकालाच्या बातम्या फाशीच्या शिक्षेवर केंद्रित झाल्या. पण सूडाच्या भावनेतून हत्या झाल्याचे मानून अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याची कलमे न्यायालयाने लागू केली नाहीत. विनयभंगाचा आरोपही सिद्ध धरला नाही.

कायद्याच्या दृष्टीने हा पुराव्याच्या मूल्यमापनाचा प्रश्न आहे. मात्र आपल्या माणसांवर काय ओढवले हे सांगण्यासाठी पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा होतो. माणसे मारली गेली हे मान्य झाले, ती का मारली गेली याविषयीचे त्याचे सांगणे मान्य झाले नाही. शिवाय आरोपीला कमी गंभीर गुन्ह्यासाठी दोषी धरल्यास त्याविरुद्ध स्वतः अपील करण्याचा हक्क तेव्हा पीडिताला नव्हता. फौजदारी प्रक्रिया संहितेतील ती दुरुस्ती ३१ डिसेंबर २००९ पासून, म्हणजे निकालानंतर सव्वा वर्षाने अमलात आली.

१४ जुलै २०१० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशी रद्द करून आठही जणांना पंचवीस वर्षे सश्रम कारावासाची शिक्षा दिली. हत्येमागे जातिद्वेष नव्हे तर सूड होता, हे मत खंडपीठानेही कायम ठेवले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. भैयालाल मधल्या काळात गाव सोडून भंडाऱ्यात राहिले. शासकीय वसतिगृहात नोकरी मिळाली, पोलीस संरक्षण मिळाले. दरवर्षी सप्टेंबर आला की पत्रकार त्यांच्या दारात येत आणि तेच सारे पुन्हा सांगावे लागे. न्यायालयातील उलटतपासणी एकदा तरी संपते. ही दुसरी तपासणी संपत नव्हती आणि त्यात आमचा व्यवसायही सहभागी होता, हे नमूद करणे भाग आहे. २० जानेवारी २०१७ रोजी हृदयविकाराने नागपूर येथे त्यांचे निधन झाले. अपील तेव्हा सर्वोच्च न्यायालयात प्रलंबितच होते.

पुकारा होईपर्यंत

खैरलांजीसारखे प्रकरण विरळा. परंतु त्यात जे ठळकपणे दिसते, ते लहान प्रमाणात रोजच्या खटल्यांतही घडत असते. समन्स हाती पडताच झोप उडते. घटना तीन-चार वर्षांपूर्वीची असते. मन त्यातून नुकते सावरलेले असते. आता पोलिसांपुढे दिलेला जबाब आठवावा लागतो आणि तो आठवायचा म्हणजे तो दिवसच पुन्हा जगायचा. लाखांदूर किंवा पवनीकडच्या शेतमजुरास भंडाऱ्याच्या न्यायालयात सकाळी हजर व्हायचे तर पहाटेच घर सोडावे लागते. रोवणीच्या दिवसांत तारीख आली तर मजुरी बुडते ती वेगळीच. आवारात पोहोचल्यावर पुकारा होईपर्यंत ताटकळत बसायचे. त्याच व्हरांड्यात आरोपी असतो, त्याचे नातेवाईक असतात. कोणी काही बोलत नाही. नुसते बघत राहतात. ते बघणेच पुरेसे होते. दुपारी कळते की वकील आलेले नाहीत, पुढची तारीख पडली आहे. साक्षीसाठी एकवटलेले धैर्य घरी परत न्यायचे आणि पुढच्या तारखेला पुन्हा एकवटायचे.

ही अवस्था सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेतून सुटलेली नाही. स्वर्ण सिंह विरुद्ध पंजाब राज्य या २००० सालच्या निकालपत्रात साक्षीदारांच्या हालअपेष्टांचे विस्ताराने वर्णन आहे. त्यांना वारंवार तारखा दिल्या जातात, बसायला जागा व प्यायला पाणी मिळत नाही, भत्ता वेळेवर हाती पडत नाही आणि उलटतपासणीत अपमान सोसावा लागतो, असे न्यायालयाने त्यात म्हटले. साक्षीदार फितूर होतात म्हणून आपण हळहळतो. त्यातील किती जण पैशाला भुलतात आणि किती जण निव्वळ थकून 'मला काही आठवत नाही' म्हणतात, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

सरतपासणीत सरकारी वकील प्रश्न विचारतात तोवर साक्षीदार सावरलेला असतो. खरी कसोटी उलटतपासणीची. बचाव पक्षाच्या वकिलाने साक्षीतील कच्चे दुवे शोधायचेच असतात. आरोपीचा तो हक्क आहे आणि खोट्या साक्षीने निरपराध अडकू नये म्हणून तो राहिलाच पाहिजे. परंतु 'तुम्ही त्या वेळी कुठे होता? धावून का गेला नाहीत?' हा प्रश्न ज्याचे आप्त डोळ्यांदेखत गेले त्याने रात्री-अपरात्री स्वतःलाच शेकडो वेळा विचारलेला असतो. भरल्या न्यायालयात तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना माणूस कोलमडतो. अडखळला की उत्तर विसंगत ठरते. मनावर आघात झालेल्या माणसाची आठवण तुकड्यातुकड्यांनी येते, त्यातील घटनाक्रम मागेपुढे होतो, असे मानसोपचारतज्ज्ञ सांगतात. पिंजऱ्यात मात्र क्रम चुकणे हाच खोटेपणाचा पुरावा वाटू लागतो.

आपल्या भागात यात भाषेचीही भर पडते. पूर्व विदर्भातील खेड्यांत झाडीबोली बोलली जाते, तुमसरच्या पट्ट्यात पोवारी ऐकू येते, काही घरांत गोंडी. साक्षीदार आपल्या बोलीत सांगतो आणि त्याचे प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत होऊन ते टंकलिखित होते. वाचून दाखविलेली साक्ष आपलीच आहे हे त्याला मान्य करावे लागते, पण ती ऐकताना ती परक्याची वाटते.

ज्यूरी गेली, ओझे राहिले

परदेशी चित्रपटांत दिसणारी ज्यूरी आपल्याकडेही होती. १९५९ मध्ये मुंबईतील नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले. न्यायाधीशांना तो कौल अमान्य झाल्याने प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तेथे जन्मठेप झाली. त्यानंतर ज्यूरी पद्धत मागे पडत गेली व १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही. पारशी विवाहविषयक दाव्यांत न्यायाधीशांसोबत प्रतिनिधी बसतात, तेवढाच तिचा अवशेष.

ज्यूरी असलेल्या देशांत भीषण छायाचित्रे आणि जबाब पाहून-ऐकून ज्यूरी सदस्यांना मानसिक त्रास होतो, हे आता मान्य झाले आहे. कॅनडाने २०२२ मध्ये कायदा दुरुस्त करून, अशा सदस्यास बंद खोलीतील चर्चा उपचार करणाऱ्या तज्ज्ञापुढे उघड करण्याची मुभा दिली. आपल्याकडे ज्यूरी नसल्याने ते सारे न्यायाधीश, वकील आणि टंकलेखक यांना पचवावे लागते. त्यांना निदान पगार व सराव असतो. साक्षीदार आयुष्यात एकदाच येतो आणि एकटाच येतो.

कायद्याने काय देऊ केले

गेल्या वीस-बावीस वर्षांत चित्र काही प्रमाणात बदलले आहे आणि त्यातील महत्त्वाचे निकाल महाराष्ट्रातील प्रकरणांतूनच आले. २००३ मध्ये डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दूरदृश्य प्रणालीद्वारे साक्ष नोंदविण्यास मान्यता दिली. २०१७ मध्ये महाराष्ट्र राज्य विरुद्ध बंडू या प्रकरणात असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रे उभारण्याचा आदेश झाला. ११ जानेवारी २०२२ रोजी स्मृती बडदे प्रकरणात या केंद्रांचा लाभ बालकांपुरता न ठेवता लैंगिक अत्याचाराचे पीडित, मनोरुग्ण, दिव्यांग आणि धमकीच्या छायेत असलेले साक्षीदार यांच्यापर्यंत वाढविण्यात आला. पोक्सो कायद्यानुसार बालकाला वकील थेट प्रश्न विचारू शकत नाहीत; ते न्यायाधीशांमार्फत विचारले जातात आणि साक्षीच्या वेळी आरोपी बालकाच्या नजरेस पडू नये, अशी तरतूद आहे.

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने पीडित व साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरण समाविष्ट झाले आणि ते २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यात संरक्षण, प्रवासखर्च, पुनर्वसन आणि सुनावणीची आगाऊ सूचना मिळण्याचा हक्क आहे. खैरलांजीचा खटला भंडाऱ्यात चालला तेव्हा यातले काहीही कायद्याच्या पुस्तकात या रूपात नव्हते.

समन्स आलेल्या सामान्य नागरिकाने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. साक्षीपूर्वी सरकारी वकिलांना भेटून आपला जबाब वाचायला मागावा. प्रश्न समजला नाही तर तो पुन्हा विचारण्याची विनंती करता येते. खरोखर आठवत नसेल तर तसे सांगणे हे खोटे बोलणे नव्हे. बोलीभाषेतील उत्तराचा अर्थ बदलून लिहिला जात असेल तर तेथेच हरकत घ्यावी. अश्लील किंवा केवळ अपमानासाठी विचारलेला प्रश्न न्यायाधीश रोखू शकतात. प्रवासभत्त्याची मागणी करण्यात संकोच बाळगू नये. मोफत विधी सल्ल्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. त्याचा राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. मन फारच अस्वस्थ असेल तर १४४१६ या 'टेलिमानस' क्रमांकावर समुपदेशकाशी मराठीतून बोलता येते. बलात्कार व आम्लहल्ल्यातील पीडितांसाठी राज्याची 'मनोधैर्य' योजना २०१३ पासून आहे आणि तिच्यात अर्थसाह्यासोबत समुपदेशनही अंतर्भूत आहे.

धमकी येत असल्यास साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ चा आधार घेता येतो. महेंद्र चावला प्रकरणात ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिला कायद्याचे बळ दिले, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने अशी योजना करणे राज्यांना बंधनकारक केले. जिल्ह्यात प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती अर्जावर निर्णय घेते आणि पोलिसांकडून धोक्याचा अहवाल मागविते. आरोपीशी समोरासमोर गाठ पडू न देण्यापासून घराभोवती गस्त घालण्यापर्यंतचे उपाय त्यात आहेत. मात्र हे संरक्षण एका वेळी तीन महिन्यांपुरतेच दिले जाते. खटला तेवढ्यात क्वचितच संपतो, म्हणून मुदत संपण्याआधीच नव्याने अर्ज करणे साक्षीदाराच्या हिताचे ठरते.