उशिरा फुलणारं झाड

इंग्रज सरकारने १८९३ मध्ये भांग-गांजाच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने १,१९३ साक्षीदार तपासले आणि सरसकट बंदी नको असं सांगितलं. या अहवालात शेतीही सापडते. नगर जिल्ह्यातही गांजा पिकायचा. मादी फुलात बी धरू नये म्हणून नर झाडं आधीच उपटून टाकायची, ही तेव्हाची रीत.

आमचं अर्धापूर तेव्हा निजामाच्या राज्यात. पण अक्षांश जवळपास नगरचाच, १९ अंश. इथला सगळ्यात मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, लहान अकराचा. एवढ्याशा फरकावर गांजाचं झाड ऋतू ओळखतं. रात्र पुरेशी लांबली की फुलतं.

हे पहिल्यांदा पॅरिसमध्ये ज्युलियाँ तुर्न्वाच्या लक्षात आलं. हिवाळ्यात काचघरात पेरलेली भांगेची रोपं वीतभर असतानाच का फुलतात? १९१४ पर्यंत तो उत्तराजवळ पोचला: दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होणं महत्त्वाचं. त्याच वर्षी तो युद्धात मारला गेला. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांनी हा नियम नीट मांडला, तोही उन्हाळाभर न फुलणाऱ्या एका तंबाखूमुळे. शोधाचं श्रेय बहुतेक त्यांनाच मिळतं. मला ते खटकतं.

उष्ण कटिबंधातलं हे सावकाश वाण उत्तरेला नेलं तर फुलण्याआधीच थंडी गाठते. म्हणून १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात त्याचा लवकर फुलणाऱ्या अफगाणी वाणाशी संकर केला गेला. उशीर हा तिथे बग होता. चीनमध्ये मात्र तेच फीचर: दक्षिणेचं बी मुद्दाम उत्तरेत पेरतात. फूल लांबतं, खोड वाढत राहतं, धागा जास्त मिळतो. म्हणजे पैदासकाराला दोन्ही जनुकं हाताशी लागतात, घाईचीही आणि उशिराचीही. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानंतर गांजाची लागवड गुन्हा ठरली. धागा-बियाण्यासाठी सरकारी परवानगीची वाट आहे, पण दरसाल पेरून बी जपणारा शेतकरी त्यातून उठला.

आपल्याकडे तसंच घड्याळ अंबाडीत आहे. लिनियसने तिला नाव दिलं ‘कॅनाबिनस’, भांगेसारखी. तीही दिवस लहान झाल्यावर फुलते, आणि जितकी उशिरा फुलेल तितका लांब वाख देते. आता दोर नायलॉनचे झाले. तुरीच्या कडेने चार ओळी अजून कुणी टाकतात, भाजीपुरत्या. भाजीला कोवळा पाला लागतो. ती कधी फुलते हे बघायला कुणी थांबत नाही.