मासेमारीचा परवाना : एका कायद्याची जडणघडण

कायद्याचा इतिहास सांगावयाचा म्हटला की श्रोत्यांच्या कपाळाला आठी पडते. त्यातून तो कायदा मासेमारीचा असला, तर आपला त्याच्याशी संबंध ताटापुरताच, असे पेठेत राहणारा मनुष्य समजून चालतो. तरीही जून उजाडला की मासेमारी बंद झाल्याची बातमी आपण वाचतो, ऑगस्टात होड्या सुटल्याचे छायाचित्र पाहतो आणि मधूनमधून परवाने, पर्ससीन जाळी, एलईडी दिवे यांवरून किनाऱ्यावर मोर्चे निघाल्याचे ऐकतो. नियम पुनःपुन्हा का बदलतात, हे मात्र आपणांस कोणी सांगत नाही. आमच्या मते त्याचे उत्तर इतिहासातच शोधावे लागते. मासेमारीचा प्रत्येक नियम हा एखाद्या भांडणाचा निवाडा आहे. ते भांडण कळले म्हणजे नियम कळतो.

आरंभ करावयाचा तो कायद्याच्या आधीपासून. उत्तर कोकणातील कोळी समुद्रात खुंट रोवून त्यास डोल जाळे लावतात. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्या पिशवीसारख्या जाळ्यात शिरते. कोणाचा खुंट कोठे, हे गावात ठरलेले असे. दक्षिणेस मालवणाकडे रापण चाले. होडीने अर्धवर्तुळात जाळे टाकावयाचे, दोन्ही टोके किनाऱ्यावर आणावयाची आणि मग सर्वांनी मिळून ती ओढावयाची. मासळीचे वाटे पडत, आणि ओढणाऱ्यास, होडीस, जाळ्यास काय मिळावयाचे हे रूढीने नेमून दिलेले असे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जात आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा झाल्यावाचून त्या पाण्यात जात नसत. जागेचा नियम, वाट्याचा नियम आणि काळाचा नियम हे तिन्ही असे रूढीत होते. मात्र या काळाचे फार गोड चित्र रंगविण्याचे कारण नाही. तंटे तेव्हाही होत, आणि रूढी एकाला जागा देई तशी दुसऱ्याला नाकारीही. शिवाय मासळी टिकली ती केवळ माणसाच्या संयमाने टिकली असे नव्हे. शिडाची आणि वल्ह्याची होडी जाऊन जाऊन जाणार तरी किती दूर, हेही एक कारण होते.

इंग्रज सरकारने या क्षेत्रात प्रथम लक्ष घातले ते नद्यांच्या निमित्ताने. फ्रान्सिस डे या अधिकाऱ्याने १८७३ साली हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील गोड्या पाण्यातील मासळीवर अहवाल दिला. बारीक जाळी आणि बांध घालून केलेली अडवणूक यांमुळे मासळीचा नाश होत आहे, अशी हाकाटी त्या काळी सुरू झाली. पुष्कळ वादानंतर १८९७ साली फिशरीज ॲक्ट झाला. हा कायदा अगदी आटोपशीर होता. सुरुंगाची दारू किंवा विष घालून मासे मारणाऱ्यास दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, ही त्यातील मुख्य गोष्ट. समुद्रात ही मनाई किनाऱ्यापासून एका लीगपर्यंत, म्हणजे तीन सागरी मैलांपर्यंत होती. जाळ्याचा प्रकार व आकार, पाण्यातील अडसर यांविषयी नियम करण्याची मुभा प्रांतिक सरकारांस दिली होती. या कायद्याच्या नजरेत अपराधी होता तो सुरुंग लावणारा. एक मच्छीमार दुसऱ्या मच्छीमाराचा घास काढून घेईल, ही कल्पना त्यात कोठेही आढळत नाही. समुद्र तर अपार, असाच सर्वांचा समज होता.

पुढील साठ-सत्तर वर्षांत सरकारची चिंता उलटीच होती. समुद्रात एवढी मासळी असून ती काढता का येत नाही, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. १९२१-२२ साली मुंबई सरकारने विल्यम कॅरिक नावाची वाफेवर चालणारी ट्रॉलर बोट आणून पाहणी केली. स्वातंत्र्यानंतर या विचाराला जोर आला. १९५२ साली भारत आणि नॉर्वे यांच्यात करार झाला व केरळच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांचा प्रयोग सुरू झाला. आपल्याकडेही होड्यांना इंजिने बसली, सहकारी संस्था निघाल्या, बर्फाचे कारखाने उभे राहिले. अन्न हवे होते, आणि पुढे कोळंबीच्या निर्यातीने परकीय चलनही मिळू लागले. या धोरणाला आज नावे ठेवणे सोपे आहे. परंतु इंजिनाने कोळ्याचा जीव वाचविला आणि घरी पैसा आणला, हे विसरता येणार नाही. एवढेच झाले की, होडीला पूर्वी वाऱ्याची आणि मनगटाची जी मर्यादा होती ती सुटली, आणि तिच्या जागी दुसरी मर्यादा घालण्याचे कोणास सुचले नाही.

त्याचे फळ १९७० नंतरच्या दशकात दिसले. ट्रॉलरचे जाळे समुद्राच्या तळावरून ओढीत नेतात. कोळंबी उथळ पाण्यात असते, म्हणून ट्रॉलर किनाऱ्याजवळ येऊ लागले. त्यांच्या वाटेत लहान होडीवाल्यांची जाळी फाटू लागली. गोव्यात रापणकारांनी, ज्यांना तिकडे रांपोणकार म्हणतात, मथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या पुढारपणाखाली आंदोलन उभारले. इतर किनाऱ्यांवरही चकमकी झाल्या, होड्या जाळल्या गेल्या. तेव्हा केंद्र सरकारने १९७६ साली मजुमदार समिती नेमली व पुढे राज्यांकडे एका कायद्याचे प्रारूप धाडले. केंद्राने स्वतःच कायदा का केला नाही, असे कोणी विचारील. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात मासेमारी हा विषय राज्यांकडे आहे. प्रादेशिक समुद्राच्या पलीकडील मासेमारी तेवढी केंद्राकडे. ही सीमा १९६७ पासून बारा सागरी मैलांवर, म्हणजे सुमारे बावीस किलोमीटरवर आहे. पाण्यावर ही रेघ दिसत नाही आणि माशाला ती ठाऊकही नाही. परंतु पुढील साऱ्या घोळाचे मूळ या रेघेत आहे.

प्रारूपाला अनुसरून केरळ व गोवा यांनी १९८० साली आणि महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमन अधिनियम केले. या प्रारूपात सरकारने कोणत्या गोष्टी ध्यानी घेऊन हुकूम काढावेत, हे सांगितले आहे : पारंपरिक होडीवाल्यांच्या हिताचे रक्षण, मासळीचे जतन आणि समुद्रावरील शांतता व सुव्यवस्था. ही तिसरी गोष्ट वाचली म्हणजे कायद्याचा जन्म कोठे झाला हे सांगावे लागत नाही. १८९७ चा कायदा माणसापासून माशाला वाचवीत होता. हा कायदा एका माणसापासून दुसऱ्या माणसाला वाचवावयास निघाला होता.

येथे नोंदणी आणि परवाना यांतील भेद समजून घेतला पाहिजे, कारण वर्तमानपत्रांत त्यांची गल्लत होते. नोंदणी म्हणजे होडी कोणाची व कशी आहे याची ओळख. परवाना म्हणजे त्या होडीने कोणत्या जाळ्याने, कोणत्या अटींवर मासे धरावेत याची अनुज्ञा. नोंदलेल्या होडीस परवाना मिळेलच असे नाही, आणि एका जाळ्याच्या परवान्यावर दुसरे जाळे टाकता येत नाही. जागेची वाटणीही नव्या रीतीने झाली. कित्येक राज्यांनी किनाऱ्यापासूनचे अंतर धरले. महाराष्ट्राने पाण्याची खोली धरली आणि ट्रॉलरला काही ठिकाणी पाच, तर काही ठिकाणी दहा वाव खोलीच्या आत मज्जाव केला. वाव हे आपल्या दर्यावर्दी लोकांचेच माप. खुंटाची जागा गाव ठरवीत असे. ती आता राजपत्र ठरवू लागले. अशा निर्बंधांवर धंद्याचे स्वातंत्र्य हिरावल्याची तक्रार झाली. परंतु १९९३ साली केरळच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रादेशिक समुद्रातील पर्ससीन जाळ्यांवरील बंदी उचलून धरली.

जागेपाठोपाठ काळाचा नियमही कागदावर आला. महाराष्ट्रात पावसाळी बंदी १० जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत किंवा १५ ऑगस्टपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर असे. सरकारी हुकमात सणाचे नाव यावे, ही रूढीला मिळालेली मोठीच पावती होती. परंतु शेजारच्या राज्यांच्या तारखा निराळ्या. एकाची होडी किनाऱ्यावर शाकारलेली आणि दुसऱ्याची समुद्रात, असे होऊ लागले. म्हणून २०१५ पासून सबंध पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस ठरले. बिनइंजिनाच्या होड्या तेवढ्या मोकळ्या राहिल्या. यात न्याय आहे, पण काही हरवलेही. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली. बंदी तर केव्हाच उठली होती. ऑगस्टच्या आरंभी समुद्र खवळलेला असतो, म्हणून बंदी १५ ऑगस्टपर्यंत लांबवावी, ही मच्छीमार संस्थांची मागणी केवळ भाविकपणाची नव्हे.

२००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला. हल्लेखोर कुबेर नावाची मासेमारी बोट बळकावून आले होते. तेव्हापासून होडीच्या कागदाला सुरक्षेचा अर्थ आला. ओळखपत्रे, होड्यांचे ठराविक रंग, जाण्यायेण्याची नोंद या गोष्टी त्यानंतर कडक झाल्या. जो परवाना मासळीच्या वाटणीसाठी निघाला होता, तोच आता खलाशाला पहाऱ्यावर दाखवावा लागतो.

अलीकडचा वाद पर्ससीनचा. हे जाळे माशांच्या थव्याभोवती फिरवून, बटव्याची दोरी ओढावी तसे खालून आवळतात. बांगडा, तारली यांचा अख्खा थवा एका खेपेस हाती येतो. रापणीला मासळी मिळते ती किनाऱ्याशी चालून आली तर. वाटेतच थवा उचलला गेला तर शंभर हातांनी दोर ओढून जाळे रिकामेच यावयाचे. या तक्रारीवरून डॉ. सोमवंशी समिती नेमली गेली आणि २०१६ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने ठरवून दिले व परवान्यांची संख्या कमी करावयाचे ठरविले. पर्ससीनवाल्यांची बाजूही ऐकावयास हवी. कर्ज काढून बोट बांधलेल्यास वर्षातून चार महिने धंदा म्हणजे काय, हे त्यालाच ठाऊक. २०१७ च्या नोव्हेंबरात केंद्राने बारा मैलांपलीकडे प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्यास मनाई केली. परंतु मनाई आणि अंमल यांत अंतर पडले. १९८१ च्या कायद्यात दंड लहान होते आणि निवाडा तहसीलदाराकडे. त्याच्या मागे शेतसारा, निवडणूक, टंचाई अशी शंभर कामे. २०२१ च्या दुरुस्तीने हे काम मत्स्यव्यवसाय खात्याच्या सहायक आयुक्ताकडे आले, आणि दिव्यांच्या मासेमारीस पाच ते वीस लाख रुपयांपर्यंत दंड ठरला. दोनशे रुपयांपासून वीस लाखांपर्यंतचा हा प्रवास म्हणजे एका दृष्टीने मासळीच्या टंचाईचाच आलेख होय.

२०२३ साली पापलेट हा राज्याचा मासा म्हणून जाहीर झाला, आणि त्याच वर्षी चोपन्न जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरविण्यात आली. तिच्याहून लहान मासा धरू नये, कारण त्याने अद्याप एकदाही अंडी घातलेली नसतात. २०२५ च्या नोव्हेंबरात केंद्राने बारा मैलांपलीकडील मासेमारीसाठी नियम केले. यांत्रिक होड्यांना त्या पाण्यात जाण्यास वेगळा प्रवेशपत्राचा बंधारा आला. पारंपरिक लहान होड्यांना त्यातून सूट आहे. राज्याच्या परवान्यावर बोट बारा मैलांपलीकडे गेली म्हणजे ती कोणाची, या जुन्या प्रश्नाला आता कोठे उत्तर मिळू लागले आहे.

तेव्हा नवा नियम वाचावयाचा कसा? आम्ही चार प्रश्न सुचवितो. तो कोणत्या पाण्याला लागू आहे, राज्याच्या की केंद्राच्या? तो होडीवर आहे, जाळ्यावर आहे, काळावर आहे की माशाच्या लांबीवर? कोणाच्या तक्रारीतून तो निघाला? आणि तो मोडणाऱ्याला समुद्रात जाऊन पकडणार कोण? यांतील चौथा प्रश्न सर्वांत अवघड. नारळी पौर्णिमेआधी होडी लोटणाऱ्यास शेजारी पाहत असे आणि त्याची त्याला लाज असे. राजपत्रातील नियमाला गस्तीची बोट लागते, आणि समुद्र मोठा, गस्त थोडी. ज्या नियमामागे गावाची संमती नाही, तो कितीही लाखांचा दंड लावला तरी किनाऱ्यावरच राहतो. म्हणून पुढील दुरुस्तीच्या वेळी मच्छीमार संस्थांना मसुद्यावर बोलावणे, ही अंमलबजावणीची पहिली पायरी आहे असे आम्ही समजतो.

आणि एक प्रश्न आपल्यापुरता. तळहाताएवढे पापलेट स्वस्त मिळाले म्हणून आपण पिशवीत घालतो, तेव्हा विकणारीला आपण दोष देतो काय? चोपन्न जातींची ती यादी धक्क्यावर जेवढी लागू करता येईल, त्याहून अधिक ती मासळीबाजारात लागू करता येईल. तेथे गस्तीची बोट लागत नाही. एक एवढासा मासा परत ठेवला आणि का ठेवला ते सांगितले, तर शेजारी पाहत असण्याची जी जुनी रीत होती, तिचाच थोडा अंश पेठेत येईल.