कचराभूमी आणि खाडी : मुंबईच्या पूर्व किनाऱ्याचा पर्यावरणीय इतिहास

मुंबई शहराच्या घडणीचा विचार करताना समुद्र हटवून भूमी मिळविण्याच्या इतिहासाची चर्चा पुष्कळ झालेली आहे. त्या भूमीखाली काय भरले गेले, या प्रश्नाकडे मात्र अभ्यासकांचे त्या मानाने दुर्लक्षच झाले. शहराचा कचरा खाडीकाठी टाकला जाणे हा केवळ नागरी हलगर्जीपणाचा परिणाम नव्हता. दीर्घकाळ तो भूमी निर्माण करण्याचा एक मान्य मार्गच होता. ठाणे खाडीची आजची अवस्था समजून घेण्यासाठी हे मूळ ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात महालक्ष्मी व वरळी यांच्या दरम्यान बांध पडल्यावर भायखळ्यापर्यंतचा सखल, पाणथळ प्रदेश भरतीपासून सुटला. एकोणिसाव्या शतकात तो भरून काढण्यासाठी शहरातील झाडलोटीचा मुक्तपणे उपयोग केला गेला. १८९६ मध्ये प्लेगची साथ आली आणि वस्तीच्या मध्यभागी कुजणारी भर आरोग्यास घातक मानली जाऊ लागली. त्यावर शोधलेला उपाय म्हणजे तीच पद्धत दूर नेणे. कचरा आगगाडीने चेंबूरच्या दलदलीकडे जाऊ लागला. १९०६ मध्ये बांधलेला कुर्ला–चेंबूर लोहमार्ग मुळात या कचरागाड्यांसाठी होता. उतारूंसाठी तो १९२४ मध्ये खुला झाला. आज हार्बर मार्गाने प्रवास करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना याची कल्पना असेल. पुढे १९२७ पासून देवनार येथे कचरा पडू लागला. ते क्षेत्र सुमारे १३२ हेक्टरांचे असून त्याची पूर्वेकडील कड थेट ठाणे खाडीस भिडते. १९६७ मध्ये मुलुंड, १९७२ मध्ये पश्चिमेकडील गोराई खाडीचा काठ आणि अलीकडे कांजूरमार्ग अशी ही साखळी वाढत गेली. प्रत्येक वेळी निवड खाजणाचीच झाली. महसुली दृष्टीने पडीक ठरणारी खाजणाची जमीन प्रशासनाला रिकामी वाटे. कोळी समाजाच्या दृष्टीने मात्र ती चिंबोरी, निवटे व बोय यांची भरलेली कोठी होती.

या विस्ताराचे परिणाम कसे घडतात, हे पाहणे उद्बोधक आहे. मुंबईच्या कचऱ्यात ओल्या, कुजणाऱ्या पदार्थांचा वाटा मोठा असतो. तळाशी अभेद्य थर नसलेल्या जुन्या ढिगांतून पावसाळ्याचे पाणी झिरपते तेव्हा ते अमोनिया, सेंद्रिय अंश व जड धातू घेऊन काळपट द्रवाच्या रूपाने खाडीत उतरते. तो द्रव कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेतो आणि त्याची झळ प्रथम चिखलात राहणाऱ्या जीवांना पोहोचते. खारफुटीची हानी अधिक संथ असते. तिवराची श्वसनमुळे चिखलाबाहेर डोके काढून हवा घेतात. त्यांवर प्लास्टिक व राडारोडा साचला, अथवा वाहनांसाठी घातलेल्या बांधाने भरतीचे पाणी अडले, की झाडे उभ्या उभ्या वाळतात. तोडलेल्या झाडाची निदान नोंद होते. वाळलेल्या झाडाची होतेच असे नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत चित्र गुंतागुंतीचे आहे. ढिगांवर घारी, कावळे व गायबगळे वाढले, हे अपेक्षितच होते. परंतु १९९० च्या दशकाच्या मध्यापासून या खाडीत रोहित पक्षी मोठ्या संख्येने येऊ लागले. सांडपाण्याच्या पोषकद्रव्यांवर वाढलेले शेवाळ हे त्यांच्या आगमनाचे एक कारण मानले जाते. त्यावरून खाडी निरोगी आहे असा निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल. २०१५ मध्ये येथे १६९० हेक्टरांचे फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले व २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. त्या दरम्यानच, जानेवारी २०१६ मध्ये, देवनारचे ढीग मिथेन वायूमुळे दिवसेंदिवस धुमसत राहिले आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

कायद्याची पावले उशिरा पडली. घनकचऱ्याविषयीचे नियम २००० मध्ये आले. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीस व तिच्यावर भर टाकण्यास मनाई केली. तथापि कांजूरमार्गचा वाद दाखवितो की मूळ प्रश्न जमिनीच्या वर्गवारीचाच राहिला. २००८ मध्ये संरक्षित वन म्हणून अधिसूचित झालेली सुमारे १२० हेक्टर जमीन पुढील वर्षी त्या यादीतून वगळण्यात आली. उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये हे वगळणे रद्द ठरविले, तर ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली.

देवनारमध्ये इतिहासाने एक वळण पूर्ण केले असे म्हणता येईल. २०२४ मध्ये तेथील सुमारे १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासातील घरांसाठी देण्याचे ठरले आणि २०२५ मध्ये सुमारे १८५ लाख टन जुना कचरा उपसण्यासाठी निविदा निघाल्या. चेंबूरच्या दलदलीप्रमाणे याही भरावाकडे अखेर बांधकामयोग्य भूमी म्हणूनच पाहिले जात आहे. ढिगाची जी बाजू खाडीकडे उतरते, तेथील तिवरांच्या मुळांशी भरती मात्र आजही दिवसातून दोनदा येते.