लंडनची भुयारी रेल्वे : समता रुळांवरून आपोआप आली नाही

‘आगगाडी आली, सगळे एका डब्यात बसू लागले आणि भेदभाव गेला,’ असे आम्हाला वारंवार ऐकवले जाते. म्हणजे यंत्र आले की विषमता आपोआप संपते, मग चळवळीची गरजच काय! हा युक्तिवाद तपासायचा असेल तर जगातील पहिल्या भुयारी रेल्वेचा इतिहास वाचला पाहिजे.

१० जानेवारी १८६३ रोजी लंडनमध्ये पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन ही सुमारे ६ किलोमीटरची मेट्रोपॉलिटन रेल्वे लोकांसाठी सुरू झाली. स्थानके ७, इंजिन वाफेचे आणि डबे तीन वर्गांचे. बोगद्यातला धूर सर्वांच्या नाकात जात होता, पण बसायची जागा ऐपतीप्रमाणेच मिळत होती.

हा मार्ग बहुतेक ठिकाणी रस्ता वरून खोदून, खाली रूळ टाकून आणि वर विटांची कमान बांधून तयार झाला. फ्लीट नदीच्या खोऱ्यात मात्र घरे पाडावी लागली. ती कोणाची होती? तिथे गरिबांची दाट वस्ती होती. भरपाई घरमालकाला मिळाली. आठवड्याच्या भाड्यावर राहणारा मजूर बिऱ्हाड उचलून शेजारच्या गर्दीत शिरला.

या रेल्वेसाठी वर्षानुवर्षे झटलेले चार्ल्स पिअर्सन हे लंडन सिटीचे कायदा अधिकारी होते. कामगारांना शहराबाहेर चांगल्या घरात राहून स्वस्तात कामावर येता यावे, असे त्यांना वाटे. गाडी सुरू होण्याआधीच, १८६२ मध्ये ते गेले. कंपनीने १८६४ पासून पहाटे कामगारांसाठी स्वस्त गाड्या सोडल्या. पण अशा गाड्या सोडणे रेल्वे कंपन्यांवर बंधनकारक करण्यासाठी १८८३ चा कायदा लागला. भांडवलदाराची सदिच्छा वेगळी आणि कायद्याने मिळालेला हक्क वेगळा, तो असा.

१८९० मध्ये स्टॉकवेलहून विजेवर धावणारी, खोल बोगद्यातली गाडी सुरू झाली. तिच्यात एकच वर्ग होता. म्हणजे वर्गाविना गाडी चालते हे सिद्ध झाले होते. तरीही जुन्या मार्गांवरचा पहिला वर्ग बंद व्हायला १९४०-४१ साल उजाडले. त्याच काळात जर्मन बॉम्ब पडू लागले. स्थानकांत आसरा द्यायला सरकार आधी तयार नव्हते. लोक तिकिटे काढून खाली उतरले आणि वर यायलाच नकार दिला. सरकारला नमावे लागले.

युद्धानंतर कामगार कमी पडले, तेव्हा १९५६ पासून लंडन ट्रान्सपोर्टने थेट बार्बाडोसमधून माणसे भरती केली. बोटीचे भाडे कर्जाऊ मिळे आणि पगारातून फेडावे लागे. शहराला या काळ्या कामगारांचे श्रम हवे होते, पण भाड्याची खोली द्यायला अनेक घरमालक तयार नव्हते. १९६५ च्या वंशभेदविरोधी कायद्यात नोकरी आणि घर हे विषयच नव्हते. ते १९६८ मध्ये आले.

हे वाचताना आपल्याला बडोदा आठवणार नाही का? १९१७ मध्ये लंडनहून परतलेले बाबासाहेब नोकरीसाठी तिथे गेले. रेल्वेने त्यांना बडोद्यापर्यंत पोहोचवले, शहराने मात्र राहायला खोली दिली नाही. पुढे १९२१-२२ मध्ये ते लंडनच्या किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाच्या घरात राहत होते. चॉक फार्म हे भुयारी स्थानक तिथून जवळच होते. ज्ञान घेऊन ते परतले, पण चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ चा सत्याग्रह करावाच लागला. तो कोणत्याही यंत्राने केला नाही.

आज लंडनच्या या जाळ्यात ११ मार्ग आणि २७२ स्थानके आहेत. १९३३ मध्ये हॅरी बेक यांच्या आराखड्यावर छापलेला त्याचा रंगीत नकाशा जगभर गाजला. त्या सरळ रेषांत फ्लीट खोऱ्यातला भाडेकरू दिसत नाही आणि बार्बाडोसचा कामगारही दिसत नाही.

म्हणून आपल्या शहरात मेट्रो येते तेव्हा आम्ही केवळ टाळ्या वाजवणार नाही आणि केवळ विरोधही करणार नाही. आम्ही विचारू : या मार्गासाठी कोणाची वस्ती उठली? भाडेकरूला काय मिळाले? दिवसाच्या मजुरीतला किती हिस्सा तिकिटाला जातो? फलाट झाडणाऱ्याची नोकरी कायम आहे की कंत्राटी? ही उत्तरे नकाशावर छापलेली नसतात. ती संघटित होऊन मागावी लागतात आणि कायद्यात लिहून घ्यावी लागतात.