उपरी, मिरासदार आणि नागरिक

परका मनुष्य आपला केव्हां होतो, हा प्रश्न आज कायद्याचा समजला जातो. परंतु रावेरसारख्या गांवीं तो कायद्याहून पुष्कळ जुना आहे. निजामाकडून १७६३ मध्यें पेशव्यांकडे व पुढें होळकरांकडे गेलेला हा मुलूख. सातपुड्याच्या पायथ्याशीं तडवी, मैदानांत लेवा पाटीदार व गुजर. आपले पूर्वज गुजरातेंतून आले, असें या मैदानांतील शेतकऱ्यांची परंपराच सांगते. आज त्यांस कोणी परके म्हटलें, तर ऐकणारा हंसेल. हें घडतें कसें, याचा थोडा विचार करूं.

मराठी अमलांत गांवचा शेतकरी दोन प्रकारचा असे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची. ती त्यास विकतां येई, आणि गांवच्या निवाड्यांत त्याच्या शब्दास वजन असे. बाहेरून येऊन कराराच्या मुदतीपुरती जमीन कसणारा तो उपरी. तथापि या दोहोंमधील दार बंद नव्हतें. युद्धानें वा दुष्काळानें गांव ओस पडला कीं कौल देऊन नवीं कुळें बोलावीत, आणि पहिलीं वर्षें सारा हलका ठेवून तो क्रमानें चढवीत. १८०२ पासूनच्या धामधुमीनें व पाठोपाठच्या दुष्काळानें उजाड झालेल्या खानदेशास अशा माणसांची गरज किती असेल, हें सांगावयास नको. टिकून राहिलेल्या उपऱ्यास पुढें रक्कम भरून मिरासपत्र करून घेतां येई. कुळकर्णी तें लिही. पाटील व बलुतेदार साक्षी राहत. त्या साक्षीचा अर्थ एवढाच कीं, हा मनुष्य आतां आमचा. मात्र या व्यवस्थेचे गोडवे गातांना एक गोष्ट विसरूं नये. गांवकुसाबाहेर ठेवलेल्यांस पिढ्यान्‌पिढ्या तेथेंच राहूनही बरोबरीची पंगत लाभली नाहीं.

पुढें फाळणी झाली, आणि सिंधमधून उखडलेलीं कुटुंबें कल्याणच्या छावणीपासून जळगांवपर्यंत येऊन वसलीं. त्यांच्यासाठीं साक्षीची जागा तारखेनें घेतली. घटनेच्या सहाव्या कलमानें १९ जुलै १९४८ ही सीमा घातली. स्वतः, आईबाप अथवा आजाआजी यांपैकीं कोणी अखंड हिंदुस्थानांत जन्मलेलें असून त्यापूर्वीं येऊन येथेंच राहिलेला मनुष्य नागरिक. मागाहून आलेल्यास सहा महिने राहून, अर्ज करून, नोंद करून घ्यावी लागे. घर, शेत, दुकान मागें टाकून आलेल्या माणसाचें भवितव्य असें एका दिवसाच्या अलीकडेपलीकडे ठरत होतें.

१९५५ च्या कायद्यानें परदेशीयासाठीं देशीयकरणाचा मार्ग घातला. अर्जापूर्वीं सलग एक वर्ष, आणि त्याआधींच्या सात वर्षांत एकूण चार वर्षें वास्तव्य, अशी मूळची अट होती. पुढें ती वाढत गेली. २००३ च्या दुरुस्तीनें एका सलग वर्षाआधींच्या चौदा वर्षांत एकूण अकरा वर्षें राहणें आवश्यक झालें. २०१९ मध्यें तीन शेजारी देशांतील सहा धर्मांच्या, २०१४ अखेरपर्यंत आलेल्या लोकांपुरती अकराचीं पांच वर्षें झालीं, आणि धर्म पाहून मुदत ठरावी काय, यावर मोठा वाद माजला. यांखेरीज चांगलें चारित्र्य, पूर्वीच्या नागरिकत्वाचा त्याग, निष्ठेची शपथ, आणि घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील एका भाषेचें पुरेसें ज्ञान, ह्याही अटी आहेत. त्या परिशिष्टांत मराठी आहे.

आम्हांस ही शेवटची अट सर्वांत बोलकी वाटते. लेवा गणबोली घरीं बोलणाऱ्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या ओव्या आज मराठीचें भूषण आहेत. त्या बोलीस कोणी उपरी म्हणत नाहीं. वर्षें मोजणें हें सरकारचें काम आहे, आणि तें त्यानें न्यायानें करावें. परंतु दाखला हातीं आल्यावरही शेजाऱ्यानें ओटा झाडून बसावयास जागा दिली नाहीं, तर त्या कागदाचें मिरासपत्र होत नाहीं. तेथें साक्ष घालावयाची ती आपणच.