बँकॉकच्या गजबजीचे मूळ

सुट्टीत बँकॉकला गेलेला प्रवासी राजवाडा बघतो, वाट अरुणच्या पायऱ्या चढतो. पण त्याचे मन अडकते ते बहुधा अंधार पडल्यावर, याओवारात रस्त्यावर. दीडेक किलोमीटरच्या त्या वळणदार रस्त्यावर धगधगत्या शेगड्या, फुटपाथवर मांडलेली प्लॅस्टिकची स्टुले, लसणाचा खमंग वास आणि चालायला जागा नाही अशी गर्दी. या शहराच्या प्रेमात पडणे अगदी समजण्यासारखे आहे. खटकते ते त्याचे कारण म्हणून जे सांगितले जाते ते. थाई माणूस मुळातच हसतमुख आणि खाण्याचा शौकीन, म्हणून शहर असे, असे म्हणून विषय मिटवला जातो. इतिहास बघितला तर ही गजबज स्वभावापेक्षा वेठ, कर आणि मजुरी यांच्या हिशेबातून जन्मलेली दिसते. घरदार मागे ठेवून आलेल्या परक्या कष्टकऱ्यांनी ती उभी केली.

१७८२ मध्ये पहिल्या रामाने चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर राजधानी वसवली, तेव्हा राजवाड्याच्या नियोजित जागेवर चिनी व्यापाऱ्यांची वस्ती होती. तिला उठवून तटाबाहेर साम्पेंगला हलवले. याओवारातभोवतीचे आजचे चायनाटाउन या विस्थापनातून सुरू झाले. त्या काळी सामान्य सयामी माणूस कुणा ना कुणा सरदाराच्या किंवा राजाच्या नावावर बांधलेला असे आणि वर्षातले काही महिने त्याला वेठ करावी लागे. चिनी माणसाला वेठ माफ होती. तो तीन वर्षांतून एकदा कर भरी आणि भरल्याची खूण म्हणून मनगटाला लाखेची मोहोर लावलेला दोरा बांधून घेई. मजुरीसाठी कुठेही जायची मोकळीक त्या दोऱ्याने त्याला दिली. १८३७ मध्ये खणायला घेतलेला, आजही प्रवासी बोटी वाहणारा सेन सेप कालवा पैसे मोजून लावलेल्या चिनी मजुरांनी खणला. १८५५ च्या बाउरिंग तहाने ब्रिटिश व्यापाराला दारे उघडली, तांदळाची निर्यात वाढली, नदीकाठी वाफेवरच्या भातगिरण्या आल्या, आणि दक्षिण चीनच्या तेओच्यू भागातून माणसांनी भरलेली जहाजे येतच राहिली.

हे लोक बहुतांशी एकटे पुरुष. गोदीत किंवा गिरणीत दिवसभर राबणाऱ्या, दाटीवाटीच्या खोलीत पाठ टेकणाऱ्या माणसाला स्वतःची चूल कुठली? गिरणगावातल्या कोकणी चाकरमान्याचे पोट खाणावळीने सांभाळले. इथे ते काम खांद्यावरच्या कावडीने केले. एका टोकाला शेगडी, दुसऱ्याला वाडगे आणि शेवया. १८६४ मध्ये चरोएन क्रुंग रस्ता खुला झाला (घोडागाडीतून फिरायला रस्ता हवा, असा अर्ज युरोपीय रहिवाशांनी केला होता) आणि शतकाच्या अखेरीस याओवारात. कावड रस्त्याच्या कडेला टेकली आणि तिथेच राहिली. शहर या माणसांवर किती अवलंबून होते, हे जून १९१० मध्ये कळले. चिनी रहिवाशांची जुनी सवलत काढून त्यांना सयामी प्रजेच्या बरोबरीने दरवर्षी कर लावला, तेव्हा त्यांनी दुकाने बंद ठेवली आणि तीन दिवस राजधानीचे व्यवहार ठप्प झाले.

यावर पहिला आक्षेप असा की कालव्यांवर होड्यांचे बाजार होतेच, त्यात थाई बायका भाजी, फळे, शिजवलेले अन्नही विकत. खरे आहे, आणि तो वारसा मी नाकारत नाही. पण आज पर्यटकाला भुरळ घालणारी फुटपाथवरची कढई, शेवया, परतून केलेले पदार्थ या घडणीवर चिनी हात उघड दिसतो. फॅट थाय हा राष्ट्रीय पदार्थही याच शेवयांतून घडला. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास पिबून सोंगख्राम यांच्या सरकारने शेवया खा, विका असा प्रचार केला, आणि त्याच सरकारने चिनी लोकांच्या धंद्यांवर निर्बंधही घातले. हे मला फार अन्यायाचे वाटते: पदार्थ आपला म्हणायचा आणि तो आणणाऱ्याला परका ठरवायचे. दुसरा आक्षेप, की हे सगळे पर्यटनाने घडवले. खाओ सान रस्त्यापुरते ते बरेचसे मान्य. पण देशाची पर्यटन संस्था स्थापन झाली १९६० मध्ये. साम्पेंगच्या गल्ल्या त्याआधी पावणेदोनशे वर्षे जेवू घालत होत्या.

तिसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. फुटपाथ चालणाऱ्याचा. व्हीलचेअरवरच्या माणसाला, म्हाताऱ्याला गर्दीचे कौतुक परवडत नाही. हे मानूनही, जागेची शिस्त लावणे आणि विक्रेता उठवणे यात अंतर आहे. २०१६ मध्ये पाक ख्लोंग तालातच्या फूलबाजारातले फुटपाथ मोकळे केले गेले. २०१७ मध्ये मोठ्या रस्त्यांवरच्या खाद्यगाड्या हटवण्याची घोषणा झाली आणि ओरड होताच याओवारात व खाओ सान यांना वगळल्याचा खुलासा आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बँकॉकच्या पहिल्या मिशेलिन मार्गदर्शिकेने जे फाय यांच्या रस्त्याकाठच्या साध्या दुकानाला तारा दिला. म्हणजे पर्यटक जिथे जेवतो तिथली शेगडी वाचली. ईशान्येकडच्या ईसान भागातून पोटासाठी आलेला मोटरसायकल टॅक्सीवाला आणि दुकानातली पगारी मुलगी ज्या गाड्यांवर दुपारी जेवतात, त्या या सवलतीत नव्हत्या. आणि ज्या कारणासाठी ही शेगडी दीडेकशे वर्षांपूर्वी रस्त्यावर आली, ते कारण आज याच लोकांपाशी आहे.